‘घेऊन जा भो, चालतं’ म्हणजे काय चालतं?

जळगावच्या इलेक्ट्रॉनिक्स दुकानदारांनो, लिनिअर पॉट (नॉब फिरवू त्याच प्रमाणात व्होल्टेज बदलणारा रेझिस्टर) मागितला तर लिनिअरच द्या ना! बी१०के, म्हणजे १० किलोओहमचा लिनिअर, सांगितलं तर ए१०के हातावर टेकवता आणि वर म्हणता, ‘घेऊन जा भो, चालतं.’ नाही चालत! चोपड्याचं पोरगं विज्ञान प्रदर्शनासाठी एसटीने जळगावला येतं, नॉब फिरवला की एकेक करून पेटणाऱ्या दहा एलईडींच्या पट्टीचं सामान नेतं, रात्रभर सोल्डर करतं. नॉब निम्मा फिरला तरी एकच एलईडी पेटतो आणि उरलेले नऊ पुढच्या निम्म्यात धडाधड पेटतात. ‘ए’चा पॉट आवाजासाठी असतो, मध्यावर तो जेमतेम दहा-पंधरा टक्के व्होल्टेज सोडतो. आणि मास्तर पोराला म्हणतात, तुझं सोल्डरिंग कच्चं!

आयसीचीही तीच गत. व्होल्टेजनुसार हे दहा एलईडी पेटवणारा एलएम३९१४ मागा, एलएम३९१५ मिळतो. पिना सारख्या, म्हणून ‘एकच आहे’. अहो, ३९१४ च्या दहा पायऱ्या समान आहेत. ३९१५ मधली प्रत्येक पायरी ३ डीबीची (डेसिबलची), म्हणजे आधीच्या सुमारे १.४ पट व्होल्टेजची, त्यामुळे निम्म्या व्होल्टेजलाच सात-आठ एलईडी पेटून बसतात.

आणि ३९१४ च्या जोडणीचं ते हातोहात फिरणारं सर्किट! पॉटचं वरचं टोक थेट ५ व्होल्टला जोडलेलं. आयसीची ६ आणि ७ नंबरची पिन एकत्र, ४ आणि ८ ग्राउंडला, म्हणजे ७ वर आयसी स्वतः देतो त्या १.२५ व्होल्टलाच पूर्ण पट्टी भरते. मग पाव फेरीत दहाही पेटणार नाहीत तर काय होणार? ते टोक ७ नंबरच्या पिनला जोडा, खालचं ग्राउंडला, मधली पिन ५ नंबरला. ७ आणि ग्राउंडमध्ये १.२ के रेझिस्टर लावला की प्रत्येक एलईडीला १२-१३ मिलिअँपिअर मिळतात. पट्टी हवी तर ९ नंबरची पिन थेट ३ ला, म्हणजे पुरवठ्याच्या पिनेला, जोडा. मोकळी सोडली की एकच ठिपका सरकतो, आणि लोक आयसी खराब म्हणून फेकून देतात. पहिला एलईडी १ नंबरला, दुसरा १८ ला, तिथून उलटं उतरत दहावा १० ला. हे कुणी लिहीत नाही!

सगळ्यात संताप एलईडींना १२ व्होल्ट देण्याचा. दहा लाल एलईडी पट्टीत पेटले की आयसीवर सव्वा वॉट उष्णता, आणि त्याची मर्यादा १.३६५ वॉट. भुसावळच्या मे महिन्यात, बंद डब्यात, तो टिकेल का? एलईडींना ५ व्होल्ट द्या, चारशे मिलिवॉटच्या आत भागतं. एलईडीच्या वायरी वीतभर लांब असतील तर पुरवठ्यावर १० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर हवाच, नाहीतर आयसी ऑसिलेट होतो, म्हणजे स्वतःहून कंप पावत राहतो. पाच-दहा रुपयांचा कंडेन्सर, तोही सर्किटमधून गाळायचा!

दुकानाच्या काउंटरवर मल्टीमीटर पडलेलाच असतो. नॉब मध्यावर आणा, मधल्या पिनेपासून दोन्ही टोकं मोजा. दोन्हीकडे पाच-पाच के आले तर द्या. एकीकडे एक के आणि दुसरीकडे नऊ आले तर परत डब्यात टाका. दहा सेकंद लागतात हो!