लिव्हरमधली पाण्याची गाठ: त्या मेसेजला उत्तर

साक्री-पिंपळनेरकडे सध्या एक मेसेज फिरतोय. 'लिव्हरमध्ये हायडॅटिडची गाठ निघाली तर दुर्बिणीचं ऑपरेशन करू नका, गाठ फुटून किडे पोटभर पसरतात. मटण सोडा, कडुनिंबाचा रस प्या, गाठ विरघळते.' हायडॅटिड म्हणजे कुत्र्याच्या आतड्यातल्या एका किड्यामुळे आपल्या अंगात होणारी पाण्याची गाठ. मेसेज वाचून माझे मामा ठरलेलं ऑपरेशन रद्द करायला निघाले, म्हणून हे लिहितोय.

'मटणाने होते.' नाही होत. बोकड कापल्यावर कधी कलेजीवर पांढरा, पाण्याने टच्च भरलेला फोड दिसतो. तेवढा तुकडा कापून टपून बसलेल्या कुत्र्यापुढे टाकतात, खरी चूक तिथे होते. फोडातल्या अळ्यांचे कुत्र्याच्या आतड्यात किडे होतात. त्यांची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात आणि हाताला, पाण्याला, न धुतलेल्या कोथिंबिरीला लागून आपल्या पोटात जातात. मामांची हयात मेंढ्यांमागे गेली. वाड्यावरचा कुत्रा जेवताना त्यांच्या मांडीला टेकून बसतो.

'दुर्बिणीने किडे पसरतात.' यातली भीती खरी आहे. गाठीतलं पाणी सांडलं तर नव्या गाठी होऊ शकतात, जोराची ॲलर्जी येऊन जीवही धोक्यात येतो. पण पोट उघडून केलं तरी हा धोका असतोच. म्हणून तर आधी अल्बेन्डाझोल या जंतांवरच्या गोळ्या देतात. ऑपरेशनमध्ये गाठीभोवती 20 टक्के मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या पट्ट्या लावतात आणि सुईने पाणी ओढून घेतात. त्यात पित्त नाही ना, हे बघूनच आत अळ्या मारणारं औषध सोडतात आणि मग आतला पांढरा पडदा पिशवीत घालून बाहेर काढतात. कोइम्बतूरच्या डॉ. सी. पलनिवेलू यांनी तर पाणी सांडू नये म्हणून खास नळीच तयार केली. प्रत्येक गाठ दुर्बिणीने निघत नाही, हेही खरं. खूप आत, मागच्या बाजूला किंवा अनेक गाठी असतील तर पोट उघडणंच बरं. मामांची गाठ एकच आहे, 8 सेंटिमीटरची, लिव्हरच्या पुढच्या भागात.

'रसाने विरघळते.' काही गाठी आपोआप मरतात आणि चुन्यासारख्या कडक होतात. त्यांना ऑपरेशन लागत नाही, अधूनमधून सोनोग्राफी पुरते. अशा माणसाने रस घेतलेला असला की श्रेय रसाला जातं. 5 सेंटिमीटरच्या आतली साधी गाठ कधी नुसत्या गोळ्यांनीही बरी होते, पण त्या अल्बेन्डाझोलच्या.

मामांनी तारीख कायम ठेवलीय. गोळ्या चालू आहेत, आणि परवा पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन कुत्र्यालाही जंताची गोळी दिली.