पत्ते मोजणं गुन्हा नाही, तरी कॅसिनो बाहेर का काढतं?

ब्लॅकजॅक हा कॅसिनोतला पत्त्यांचा खेळ: एकवीस न ओलांडता डीलरपेक्षा, म्हणजे पत्ते वाटणाऱ्या कॅसिनोच्या माणसापेक्षा, एकवीसच्या जास्त जवळ जायचं. पडलेल्या पत्त्यांवरून उरलेल्यांचा अंदाज बांधणं म्हणजे पत्ते मोजणं. त्याबद्दल एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरत असतो. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: ‘पत्ते मोजणं ही फसवणूक आहे आणि अमेरिकेत तो गुन्हा आहे. त्यासाठी पडलेला प्रत्येक पत्ता लक्षात ठेवणारी अलौकिक स्मरणशक्ती लागते. फार जिंकणाऱ्याला कॅसिनो लगेच ओळखतं, मागच्या खोलीत नेतं, पैसे काढून घेतं आणि त्याचं नाव सरकारच्या काळ्या यादीत घालतं.’ यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे, आणि पहिलं तर अन्यायाचं आहे. डोकं वापरून खेळतो एवढ्यासाठी माणसाला चोर म्हणणं मला पटत नाही.

आधी गुन्ह्याचंच घेऊ. मोजणारा टेबलावर उघडे पडलेले पत्ते पाहतो. तेच पत्ते डीलरला, शेजारच्या खेळाडूला आणि छतावरच्या कॅमेऱ्यालाही दिसत असतात. तो पत्त्यांवर खुणा करत नाही, डीलरशी संगनमत करत नाही, डावाचा निकाल कळल्यावर हळूच चिप्स (पैशांऐवजी वापरायच्या चकत्या) सरकवत नाही. लास व्हेगास ज्या राज्यात आहे त्या नेवाडाच्या कायद्यात फसवणुकीची व्याख्या आहे: निकाल किंवा मिळणारी रक्कम ज्यावर ठरते ते घटक बदलणं. मनातल्या मनात बेरीज केल्यानं यातलं काहीच बदलत नाही. बदलते ती खेळणाऱ्याची समज, आणि त्यानुसार तो डावावर किती पैसे लावतो ते.

मग बाहेर का काढतात? कारण कॅसिनो ही खासगी मालमत्ता आहे आणि कुणाबरोबर खेळायचं नाही हे मालक ठरवू शकतो. नेवाडाच्या सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये स्लेड विरुद्ध सीझर्स या खटल्यात हा जुना हक्क मान्य केला; कारण भेदभावाचं किंवा बेकायदा नसलं म्हणजे झालं. ‘तुम्ही आता इथे ब्लॅकजॅक खेळू नका’ हे सांगणं धंद्याचा निर्णय असतो, त्यात अपराधाचा निवाडा नसतो. पुष्कळदा त्याच माणसाला बाकीचे खेळ खेळायला मोकळीक असते, कारण तिथे तो हरणार हे कॅसिनोला माहीत असतं. मात्र संपूर्ण आवारातच मनाई केली आणि तरी तो परत आला, तर ते अतिक्रमण ठरतं आणि त्यासाठी अटक होऊ शकते. ‘मोजलं म्हणून अटक झाली’ अशा गोष्टींच्या मुळाशी बहुधा हे परत येणं असतं.

हा हक्कही सगळीकडे सारखा नाही. केन उस्टन या नावाजलेल्या मोजणाऱ्याला न्यू जर्सी राज्याच्या अटलांटिक सिटीतल्या रिसॉर्ट्स इंटरनॅशनल कॅसिनोनं १९७९ मध्ये मज्जाव केला. तो न्यायालयात गेला, आणि १९८२ मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयानं त्याच्या बाजूनं निकाल दिला: खेळाचे नियम ठरवणं हे राज्याच्या नियंत्रण आयोगाचं काम आहे, आणि आयोगाचा तसा नियम नसताना निव्वळ मोजतो म्हणून कॅसिनो कुणाला बाहेर ठेवू शकत नाही. तिथल्या कॅसिनोंनी मग इतर वाटा धरल्या. जास्त कॅट एकत्र वापरायचे, मध्येच पत्ते पिसायचे, मोजणाऱ्यानं किती पैसे लावायचे त्यावर मर्यादा घालायची. पत्ते मोजणं गुन्हा असता तर इतका खटाटोप कशाला केला असता?

काही जण पुरावा म्हणून फिल आयव्ही या व्यावसायिक जुगाऱ्याचा खटला पुढे करतात. त्याला लंडनच्या क्रॉकफर्ड्स क्लबनं त्यानं जिंकलेले ७७ लाख पौंड नाकारले आणि २०१७ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं त्याची कृती फसवणूक ठरवली, हे खरं आहे. पण तो खेळ पुंटो बँको हा पत्त्यांचा वेगळाच खेळ होता. पत्त्यांच्या पाठीवरची नक्षी कडेला किंचित असमान छापलेली होती, त्यावरून पत्ते ओळखता यावेत म्हणून त्यानं डीलरकडून ठरावीक पत्ते फिरवून ठेवून घेतले होते. हा निकाल पत्ते मोजण्याला लावणं चुकीचं आहे.

स्मरणशक्तीचं थोडक्यात सांगतो. सर्वांत परिचित ‘हाय-लो’ पद्धतीत दुर्रीपासून छक्कीपर्यंत प्रत्येक पत्त्याला अधिक एक, सत्ती-अठ्ठी-नव्वीला शून्य, आणि दश्शी, गुलाम, राणी, राजा, एक्का यांना उणे एक. डोक्यात फक्त चालू बेरीज ठेवायची आणि तिला उरलेल्या कॅटांनी भागायचं. बेरीज सहा आणि तीन कॅट शिल्लक, तर उत्तर दोन. भागाकाराचं हे उत्तर जितकं मोठं, तितके उरलेल्या पत्त्यांत एक्के आणि दहाच्या किमतीचे पत्ते जास्त. असे पत्ते जास्त असले की ‘ब्लॅकजॅक’, म्हणजे पहिल्या दोन पत्त्यांतच एकवीस, जास्त वेळा लागतो, आणि सतरापर्यंत पत्ते घेत राहणं सक्तीचं असलेला डीलर जास्त वेळा फुटतो, म्हणजे एकवीसच्या पुढे जातो. एडवर्ड थॉर्प या गणितज्ञानं हे सगळं संगणकावर पडताळून १९६२ मध्ये पुस्तकातून जगासमोर मांडलं. कठीण असतं ते गोंगाटात, गप्पा मारत, डीलरच्या वेगानं, तासन्‌तास न चुकता हे करत राहणं. त्याला सराव लागतो.

‘फार जिंकला की हाकलतात’ हा समज मला सर्वांत चुकीचा वाटतो. नशिबानं जिंकणारा माणूस कॅसिनोला हवाच असतो. तो परत येतो आणि बहुतेक वेळा पैसे परत देऊन जातो. उलट हरत असलेल्या मोजणाऱ्यालाही बाहेर काढतात, कारण पाहणारे चिप्सच्या ढिगाकडे बघत नाहीत, लावलेली रक्कम कधी वाढते ते बघतात. संशय आला की कॅमेऱ्यांच्या खोलीत बसलेला माणूस चित्रण पाहत स्वतःच पत्ते मोजतो. बेरीज खाली असताना दहा डॉलर आणि वर गेली की शंभर, असं पुन्हा पुन्हा जुळलं की अंदाज पक्का होतो. एरवी विमा (डीलरला ब्लॅकजॅक लागेल यावरची वेगळी पैज) न घेणारा खेळाडू नेमका बेरीज चढल्यावर विमा घेऊ लागला, किंवा डीलरच्या दश्शीसमोर सोळावर कधी पत्ता मागतो, कधी थांबतो, तर त्याही खुणाच. दूर उभं राहून पाहायचं आणि पत्ते अनुकूल झाले की येऊन बसायचं, हीही जुनी ओळखीची चाल आहे. म्हणून अनेक टेबलांवर पुन्हा पिसेपर्यंत नव्या खेळाडूला बसू देत नाहीत.

आणि मोजणारा रोज जिंकतो असंही नाही. त्याला सरासरी एक टक्का फायदा आहे आणि तो डावाला शंभर डॉलर लावतो असं धरलं, तर शंभर डावांतून अपेक्षित कमाई शंभर डॉलरच्या आसपास होते. तेवढ्याच डावांत नशिबाचा चढउतार मात्र सहज हजार-अकराशे डॉलरचा असतो. एका संध्याकाळच्या हारजितीवरून कोण मोजतो हे कळणं शक्यच नाही, आणि कॅसिनोला हे पक्कं ठाऊक आहे.

मागच्या खोलीच्या गोष्टी निव्वळ कल्पित नाहीत. असे प्रकार घडले आहेत, पण त्यांत कायदा मोडला तो कॅसिनोनं. जेम्स ग्रोजन या खेळाडूनं डांबून ठेवल्याबद्दल लास व्हेगासच्या इम्पीरियल पॅलेसवर खटला भरला आणि जिंकला. कॅसिनोंना संशयितांची छायाचित्रं पुरवणाऱ्या ग्रिफिन या खासगी संस्थेनं त्याला आणि आणखी एका खेळाडूला फसवणूक करणाऱ्यांच्या पंक्तीत बसवलं होतं. ती २००५ मध्ये बदनामीचा दावा हरली आणि त्याच वर्षी तिनं दिवाळखोरी जाहीर केली. मोजणाऱ्याला ठग म्हणणं किती महाग पडू शकतं ते यातून दिसतं. जिंकलेल्या पैशांबाबतही कॅसिनोचा शब्द अखेरचा नसतो. नेवाडात पाचशे डॉलर किंवा त्याहून अधिक रकमेवर वाद झाला आणि तो मिटला नाही, तर कॅसिनोला स्वतःहून राज्याच्या गेमिंग कंट्रोल बोर्डाला कळवावं लागतं.

सरकारी काळी यादी नेवाडात १९६० पासून आहे. ती गुन्हेगारी टोळ्यांशी संबंधित माणसं आणि शाबीत ठग यांच्यासाठी आहे आणि तिच्यात मोजकीच नावं असतात. मोजणाऱ्यांची छायाचित्रं कॅसिनो एकमेकांना देतात, ती खासगी देवाणघेवाण असते.

त्या फिरणाऱ्या मजकुरात एक गोष्ट मात्र सांगायची राहून गेली आहे आणि ती न सांगितल्यानं कुणी खरोखर अडकू शकतो. नेवाडानं १९८५ मध्ये पत्त्यांचा हिशेब ठेवणारी उपकरणं टेबलावर वापरण्यावर बंदी घातली. बुटात लपवलेला संगणक असो किंवा खिशातल्या फोनवरचं अ‍ॅप, ते वापरणं तिथे गंभीर गुन्हा आहे आणि त्यासाठी तुरुंगवास होऊ शकतो. डोक्यात केलेल्या हिशेबाला ही बंदी लागू नाही.