गाडीच्या स्क्रीनला आपला मोबाईल जोडता आलाच पाहिजे

जनरल मोटर्सनं २०२३ मध्ये जाहीर केलं की त्यांच्या नव्या इलेक्ट्रिक गाड्यांत अ‍ॅपल कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो, म्हणजे गाडीच्या स्क्रीनला मोबाईल जोडायची सोय, मिळणार नाही. २०२५ मध्ये कंपनीच्या प्रमुख मेरी बारा यांनी पुढच्या पेट्रोल गाड्यांतूनही ते काढत जाणार असं सांगितलं. अमेरिकेतली बातमी, आपल्याला काय करायचं, असं आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कुणीही म्हणेल. मला मात्र ती फार जवळची वाटते.

आमच्या गावात शोरूमची कोरी गाडी क्वचितच येते. नागपूर-अमरावतीला कुणीतरी पाच-सात वर्षं वापरून विकली की ती इकडं येते आणि मग पुढं वर्षानुवर्षं लग्नाला, बाजाराला, रात्री-बेरात्री पेशंट घेऊन सावंगी-सेवाग्रामला धावते. मोबाईल त्या मानानं लवकर बदलतो. अँड्रॉइड ऑटोत नकाशा, फोन, गाणी सगळं मोबाईलच चालवतो, स्क्रीन फक्त दाखवते. त्यामुळं गाडी जुनी असली तरी नकाशा आजचा दिसतो. जिथं रेंज जाते त्या पट्ट्याचा नकाशा घरूनच मोबाईलमध्ये उतरवून घेता येतो.

माझ्या चुलतभावानं अशीच एक सेकंडहँड गाडी घेतली. स्क्रीन भली मोठी, पण मोबाईल जोडायची सोय नाही. नकाशा उघडला तर सबस्क्रिप्शन संपलेलं. भरायला गेला तर ओटीपी पहिल्या मालकाच्या नंबरवर, आणि तो नंबर बंद. सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले, हेड ऑफिसला मेल करा. तो वैतागून म्हणाला, "तुमचा नकाशा तुमच्याजवळच ठेवा म्हना, माह्या मोबाईलले जोडू द्या फक्त." आता स्टँड लावून मोबाईल काचेजवळ ठेवतो. मे महिन्याच्या उन्हात तो इतका तापतो की भर रस्त्यात स्क्रीन काळी पडते, आणि भाऊ एका हातानं मोबाईल काढून एसीपुढं धरतो. यात कसली आली सुरक्षितता?

कंपन्यांचा एक मुद्दा मला पटतो. इलेक्ट्रिक गाडीत बॅटरी किती उरली, चार्जिंगला कुठं थांबायचं, हे गाडीच्या स्वतःच्या यंत्रणेला नीट कळतं. मग ती यंत्रणा द्या ना, जरूर द्या. त्यासाठी मोबाईलची वाट का बंद करायची? खरं कारण पैशाचं आहे असं माझं ठाम मत आहे. बीएमडब्ल्यूनं अमेरिकेत कारप्लेसाठी वर्षाला ८० डॉलर लावून पाहिले होते. २०१९ मध्ये ते मागे घ्यावे लागले.

आणि कंपनीच निघून गेली तर? याच जनरल मोटर्सनं २०१७ अखेर भारतात गाड्या विकणं बंद केलं. त्यांच्या टवेरा त्यानंतरही आमच्याकडं धावत राहिल्या, कारण क्लच-ब्रेकचं काम गावातला मिस्त्री करतो आणि पार्ट नागपुरात मिळतो. कंपनीच्या सर्व्हरवर चालणारी स्क्रीन कोणता मिस्त्री दुरुस्त करणार?

मारुती, टाटा, महिंद्रा, ह्युंदाई आज बऱ्याच मॉडेलांत मोबाईल जोडायची सोय देतात. ती त्यांनी काढू नये. कुणी दिवाळीला गाडी बघायला जात असाल तर शोरूममध्येच आपला मोबाईल जोडून बघा. आणि सेल्समनला विचारा, गाडी दुसऱ्याच्या नावावर झाली की स्क्रीनवरचं काय काय चालू राहील? उत्तर लेखी मागा.