कबुतर दिसत नाही का रे तुला?

आज सकाळी साडेसातला परत एक चिमणी गेली. मी चहाचा कप घेऊन ग्रीलपासून चार फुटांवर, आणि डोळ्यांदेखत राखाडी काहीतरी सप्पकन आडवं गेलं. फीडर गरगर फिरतोय, बाजरी सांडलीय, दोन पिसं तरंगताहेत. बस्स.

डिसेंबर लागल्यापासून ही चौथी! आम्ही बोरिवली पूर्वेला, पलीकडे नॅशनल पार्क. १०० चौरस किलोमीटरच्या वर जंगल पडलंय त्या मेल्या शिक्र्याला, चिमण्या पळवणाऱ्या त्या छोट्या शिकारी पक्ष्याला. सरडे, पाली, उंदीर, नाकतोडे, काहीही चालतं त्याला. पण नाही, आयत्या बिळावर नागोबा! समोरच्या रेन ट्रीत दडून बसायचं, कावळ्यांनी कोकलून हाकललं की पार्किंगमागून वळसा घालून पुन्हा हजर.

या चिमण्या यायला दोन वर्षं लागली हो मला. राळा झाला, बाजरी झाली, तांदळाची कणी झाली. पहिले चार महिने फक्त मुंग्या आल्या.

आणि डोकं खरं कशाने फिरतं सांगू? कबुतरांनी! एसीच्या डब्यावर पाच-सहा टम्म कबुतरं, सांडलेलं फुकट गिळून, तिथेच घाण करून घुमत बसलेली. त्यांना हा शिवतही नाही. का, तर कबुतर त्याच्याच आकाराचं आणि वजनाला त्याला भारी. साहेबांना सोपी पडते माझी पंचवीस-तीस ग्रॅमची चिमणी. २०२५मध्ये दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री पडली, कोर्टकचेऱ्या झाल्या, अख्खी मुंबई भांडली. अरे, तू एक तरी उचल! जाळीचे पैसे वाचतील माझे.

वर नवरा म्हणतो, "निसर्गाचा नियम आहे." रात्री डासांमागे रॅकेट घेऊन घरभर नाचतो, तेव्हा कुठे जातो निसर्ग? खालच्या काकूंच्या वाळत घातलेल्या साडीवर पिसं पडली, तर सोसायटीच्या ग्रुपवर माझ्या नावाने फोटो. जणू मीच खाल्ली चिमणी! दगड मारायचीही सोय नाही, १९७२च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे त्याला. चिमणीला कोण देणार संरक्षण?

पक्षी बघणारा एक मित्र म्हणाला, दोन आठवडे फीडर काढून ठेव, चिमण्या पांगल्या की तोही जागा बदलेल. म्हणजे शिक्षा चिमण्यांना आणि मला.

काढला आत्ता फीडर. रिकाम्या हुकावर एक कबुतर बसायला बघतंय.