फ्रिज डोक्यावर उभा करून काही होत नाही, मामा

गेल्या रविवारी मांजलपूरला मामांच्या पार्किंगमध्ये गेलो तर चार माणसं मिळून एक फ्रिज उलटा, डोक्यावर उभा करत होती. खाली जुनी गादी घातलेली, मामा बाजूला उभे राहून मोबाईलमध्ये बघून सूचना देतायत, "अजून थोडा डावीकडे, हां, आता चोवीस तास हात लावायचा नाही". मी म्हटलं मामा, हे काय. तर म्हणे अरे, ग्रुपवर आलंय, तू तर फ्रिजवाला, तुला माहीत असेल.

मला माहीत आहे, म्हणूनच वैताग आला. गेली बावीस वर्षं मी वडोदऱ्यात फ्रिज-एसीची कामं करतोय, त्यात हॉटेलांच्या खोल्यांमधले ते छोटे मिनीबार शेकड्यांनी उघडलेत, आणि ते मिनीबार अन् गाडीतला गॅसवर चालणारा फ्रिज ही एकाच जातीची वस्तू. मामांनी दोन मित्रांबरोबर एक जुनी मिनीबस घेऊन आत बेड, सिंक वगैरे करून घेतलंय, हिवाळ्यात कच्छच्या रणात जायचंय. फ्रिज मित्राच्या मुलीने अमेरिकेतून कायमचं परत येताना कंटेनरमधून आणलेला, तिकडच्या कॅम्परमधला, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाडीतला. लावला, चालू केला, दोन दिवस झाले तरी पाणी कोमटच. आणि नेमका तेव्हाच तो मेसेज आला.

मेसेजचं नाव "कॅम्पर फ्रिज गार होत नाही? मेकॅनिकला पैसे देण्याआधी हे 7 उपाय करा". थोडक्यात सांगायचं तर: फ्रिज 24 तास उलटा ठेवा, मागे पिवळी पावडर किंवा उग्र वास आला तर घाबरू नका, पुसून एम-सील लावा आणि कुठल्याही एसीवाल्याकडून गॅस भरून घ्या, लेव्हलची कटकट जुन्या मॉडेलना, आता गाडी कशीही उभी करा, थंडी कमी वाटली तर मोठा रेग्युलेटर लावा, अमेरिकन फ्रिज असेल तर पिन बदला, चालतो, ज्योत नीट नसेल तर जेटमध्ये सुई घाला, आणि गाडी चालवताना फ्रिज गॅसवर बिनधास्त चालू ठेवा. शेवटी अर्थात "जास्तीत जास्त लोकांना पाठवा".

सातातला दुसरा उपाय वाचून माझ्या अंगावर काटा आला, म्हणून आधी तोच घेतो, बाकीचे नंतर.

घरच्या फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर असतो, तो गॅस दाबतो, गॅस गळला तर परत भरता येतो. या फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर नसतोच. मागे नळ्यांचं एक बंद जाळं असतं, त्यात पाणी, अमोनिया आणि हायड्रोजन, कारखान्यात एकदाच भरून वेल्डिंगने कायमचं बंद केलेलं. खाली, बॉयलर म्हणतात त्या भागाला, ज्योत किंवा हीटर लावला की पाण्यातला अमोनिया उकळून वर जातो, वर गार होऊन द्रव होतो, मग हायड्रोजनच्या सोबतीने पुन्हा वाफ होतो आणि तेव्हा उष्णता ओढून घेतो, शेवटी परत पाण्यात विरघळून खाली येतो. बस. ना पंप, ना मोटर, म्हणून आवाजही नाही. 1922 साली स्वीडनमध्ये फॉन प्लाटेन आणि मुंटर्स या दोन इंजिनिअरिंगच्या पोरांनी हे शोधलं आणि आजही तत्त्व तेच आहे. मामांच्या पिढीला आठवत असेल, लाइट नसलेल्या गावांत सरकारी दवाखान्यात लसी ठेवायला खाली रॉकेलची वात असलेले फ्रिज असायचे, तेही हेच.

तर या जाळ्यात दाब असतो 20-25 बारच्या आसपास. गाडीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार असतो, आता विचार करा, आणि त्याच्यावर एम-सील लावायला सांगतायत. नळी आतून गंजू नये म्हणून पाण्यात सोडियम क्रोमेट टाकलेलं असतं, ते पिवळं. मागे जी पिवळी पावडर दिसते ती धूळ नाही, गंज नाही, ते आतलं पाणी बाहेर येऊन सुकलेलं आहे. म्हणजे नळी फुटलेली आहे. आणि हे क्रोमेट म्हणजे तोच सहा-संयुजी क्रोमियम ज्याला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने पहिल्या गटात टाकलंय, म्हणजे माणसाला कॅन्सर होतो हे सिद्ध झालेलं. मेसेजवाला म्हणतो ओल्या फडक्याने पुसा. कुणाच्या हाताने? मामींच्या?

वास तर त्याहून वाईट. अमोनियाचा वास फार कमी असतानाच येतो हे आपलं नशीब, पण 300 पीपीएमला, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत 300 भाग झाला की, तो जिवाला धोकादायक धरतात आणि मिनीबसच्या आत खिडक्या लावून झोपलेल्या चार माणसांना पळायला जागा किती. त्यात हायड्रोजन आहे, जो हवेत 4 टक्के झाला की पेट घेऊ शकतो, आणि वीतभर अंतरावर बर्नरची ज्योत जळतेय. हे मी घाबरवायला सांगत नाहीये. अमेरिकेत 2006 साली डोमेटिक कंपनीने याच कारणासाठी नऊ लाखांहून जास्त फ्रिज रिकॉल केले, 1997 ते 2003 मध्ये बनलेले. तिथल्या वाहन सुरक्षा खात्याकडे नोंद आहे, नंबर 06ई-076, कोणीही शोधून वाचा. कारण काय लिहिलंय, तर बॉयलरच्या नळीला बारीक तडा जाऊन आतला माल दाबाने ज्योतीपाशी बाहेर पडू शकतो आणि आग लागू शकते. कंपनी स्वतः हे म्हणते आणि आपला मेसेजवाला म्हणतो घाबरू नका. तिकडून वापरलेला जुना फ्रिज कोणी आणला असेल तर आतल्या स्टिकरवरचा मॉडेल आणि सीरियल नंबर त्या यादीत आधी बघा. (मामांचा नाही, मी बघितला.)

आणि "गॅस भरून घ्या" हा तर कळस आहे. मामांनी आमच्याच लाइनमधल्या एकाला बोलावलं होतं, तो आला, मागे बघितलं, म्हणाला "गेस ओछो थई गयो छे, भरी दउं?" (गॅस कमी झालाय, भरून देऊ?) अरे भरणार कुठून, व्हॉल्वच नाही. आणि तू आणलेल्या बाटलीत आर-134ए, कॉम्प्रेसरवाल्या फ्रिजचा गॅस, इथे अमोनिया. त्याचा दोष नाही फार, त्याने आयुष्यात हा प्रकार पाहिलेला नाही, पण व्हॉल्व सापडला नाही म्हणून नळीला भोक पाडून बसवणारे पण महाभाग मला माहीत आहेत. पिवळं दिसलं किंवा वास आला की एकच करायचं, गॅस बंद, वीज बंद, दारं-खिडक्या उघडायच्या, बाहेर यायचं. ते युनिट, म्हणजे मागचं नळ्यांचं जाळं, संपलं. बदलतात, दुरुस्त करत नाहीत.

आता उलटा ठेवण्याचं. इथे मला थोडं मान्य करावं लागेल, नाइलाजाने. हा उपाय अगदी हवेतून आलेला नाही. तिकडचे जुने कॅम्परवाले करायचे हे, आणि महिनोन्‌महिने बंद पडून राहिलेला एखादा फ्रिज उलटा-सुलटा केल्यावर आतला द्रव पुन्हा मिसळून थोडे दिवस चालला, असं होतं कधीकधी. पण का बिघडला होता ते तसंच राहतं ना. बहुतेक वेळा झालेलं असं असतं की फ्रिज तिरका असताना चालवला, बॉयलरमधला द्रव नीट फिरला नाही, तिथली नळी जास्त तापली आणि ते क्रोमेट शिजून खडे झाले, आत एक बारीक नळी असते जी बुडबुड्यांच्या जोरावर पाणी वर चढवते, तीच बुजली. एकदा बुजली की उलटं करून खडे विरघळत नाहीत. आणि मामांच्या फ्रिजला मागे पिवळा डाग होताच, म्हणजे फुटलेलं युनिट चार मजुरांनी मिठी मारून उचललं, मला नंतर दिसलं तेव्हा मी त्यांना आधी नळाखाली हात धुवायला पाठवलं.

यावरूनच लेव्हलचा मुद्दा. "जुन्या मॉडेलची कटकट" वगैरे काही नाही, जोपर्यंत आतला द्रव गुरुत्वाकर्षणाने खाली येतोय तोपर्यंत लेव्हल लागणार. साधारण हिशेब बाजूला 3 अंश, पुढेमागे 6 अंश. 3 अंश म्हणजे दोन फुटात सव्वा इंच, डोळ्याला कळत पण नाही, सुताराची स्पिरिट लेव्हल फ्रीझरच्या तळाला ठेवून बघा. हां, गाडी चालताना चढ-उतार आले तर बिघडत नाही कारण हलत असल्यामुळे द्रव एका जागी साचत नाही. बिघडतं ते पावागढच्या पायथ्याला उतारावर गाडी लावून रात्रभर फ्रिज चालू ठेवला की.

पिन बदलण्याबद्दल: अमेरिकेची वीज 120 व्होल्ट, आपली 230. हीटरची पॉवर व्होल्टेजच्या वर्गाने वाढते, म्हणजे 300 वॉटची कॉइल आपल्याकडे लावली की ती 1100 वॉट ओढणार, जवळजवळ पावणेचारपट. कॉइल जळाली तर सुटलात, नाही जळाली तर बॉयलर भाजला. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, निम्म्या वडोदऱ्याच्या घरात एकेक पडलेला असतो, अमेरिकेहून आणलेल्या मिक्सरसाठी घेतलेला, तो कामाला येईल, फक्त वॉट बघून लावा. माझी शंका अशी आहे की मामांच्या युनिटचा बळी यातच गेला, कारण पहिल्या दिवशी त्यांनी पिन बदलूनच लावला होता, पण ते कबूल करत नाहीत आणि मी पण जास्त ताणलं नाही.

मोठा रेग्युलेटर नको. आपल्या घरच्या लाल सिलेंडरचा रेग्युलेटर 30 मिलीबारच्या आसपास दाब देतो, हे फ्रिजही साधारण तेवढ्यावरच चालायला बनलेले असतात. भट्टीवाला हाय-प्रेशर रेग्युलेटर लावला तर थंडी वाढत नाही, ज्योत पिवळी होते, काजळी धरते आणि धुरांड्यातून ज्वाळा. जेटमध्ये, म्हणजे बर्नरला गॅस सोडणाऱ्या तोटीत, सुई पण नको, भोक एवढंसं असतं की सुईने मोठं होतं आणि मग परत हेच. जेट काढून स्पिरिटमध्ये भिजवा, हवेने फुंका. आणि बर्नरच्या पेटीत कोळ्याची जाळी, धुरांड्यातून पडलेला गंज बघा, ज्योत वेडीवाकडी असण्याचं अर्ध्याहून जास्त वेळा मला तेच कारण सापडलंय. चालत्या गाडीत गॅस चालू ठेवून पेट्रोल पंपावर जायचं हे ज्याने लिहिलं त्याच्याशी वाद घालायची माझी इच्छा नाही.

मेसेजमध्ये नसलेलं एक सांगतो जे खरंच कामाचं आहे. हा फ्रिज गार व्हायला सात-आठ तास घेतो, निघायच्या आदल्या रात्री चालू करायचा, आणि भरताना घरून गार केलेल्याच बाटल्या. स्टिकरवर क्लायमेट क्लास बघा: एसएन किंवा एन असेल तर तो 32 डिग्रीपर्यंतच्या हवेसाठी बनलाय, टी असेल तर 43 पर्यंत. आपल्या मे महिन्यात एसएनवाला फ्रिज हरणारच, त्यात बिघाड काही नाही. मामांच्या सुताराने वर धूळ येते म्हणून मागची जाळीची खिडकी प्लायने बंद करून टाकली होती, म्हणजे गरम हवा जाणार कुठे. वर-खाली दोन्ही जाळ्या उघड्या पाहिजेत, वरच्या जाळीपाशी कॉम्प्युटरचा 12 व्होल्टचा पंखा लावला तरी फरक पडतो.

आणि बिघाड शोधायचा तर आधी लेव्हल, मग विजेवर चालवून बघा, मग गॅसवर. एकावर गार होतो आणि दुसऱ्यावर नाही, तर युनिट ठीक, हीटर किंवा बर्नरचं काम, स्वस्तात होतं. दोन्हीवर बॉयलर चटका बसेल इतका तापतो पण मागच्या जाळ्यातल्या वरच्या पट्ट्या तापतच नाहीत, तर युनिट गेलं.

मामांचं गेलं. आता ते म्हणतायत कच्छला 12 व्होल्टचा कॉम्प्रेसरवाला घेऊन जाऊ. मामींनी जुन्याची कॅबिनेट मागितलीय, दार घट्ट बसतं, पापड-कुरडयांना बरी. देतो म्हटलं, पण मागचं युनिट काढल्यावर. खालचा भंगारवाला दोनदा विचारून गेलाय, त्याला नाही सांगितलं, तो गॅस कटरनेच कापणार आणि आत अजून किती दाब उरलाय ते कुणालाच माहीत नाही. सध्या ते युनिट पार्किंगच्या उघड्या कोपऱ्यात सरळ उभं आहे, मी त्यावर ऑइल पेंटने "कापू नका" लिहिलंय, मराठीत आणि गुजरातीत.