‘सगळं फुकट मिळतं, तरी शिकत नाहीत’ – एका फॉरवर्डला उत्तर

गेल्या महिन्याभरात हा मेसेज मला चार वेगवेगळ्या ग्रुपवर आला. सारांश असा: अमेरिकेत फोस्टर केअरमधल्या, म्हणजे आईवडिलांकडून काढून सरकारने दुसऱ्या घरात किंवा संस्थेत ठेवलेल्या मुलांना कॉलेज फुकट असतं. वर खर्चाला पैसेही मिळतात. तरी फक्त ३ टक्के मुलं पदवी घेतात. तेव्हा प्रश्न पैशाचा नाही, जिद्दीचा आहे. आपण दोन बॅगा घेऊन या देशात आलो आणि उभे राहिलो; यांना तर भाषा येते, नागरिकत्व आहे. शिवाय त्यांच्यासाठी कॉलेजात वेगळे कार्यक्रम कशाला, हे नुसते लाड.

मी एका कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात, विद्यार्थ्यांना मदतीचे अर्ज भरून द्यायला आठवड्यातून एकदा बसते. तज्ज्ञ वगैरे नाही. पण मेसेज लिहिणाऱ्याने हे अर्ज बहुधा पाहिलेलेही नाहीत.

आधी ‘फुकट’चं बघू. या मुलांसाठी केंद्राचं एक शिक्षण व्हाउचर आहे, २००२ पासून. रक्कम वर्षाला जास्तीत जास्त ५,००० डॉलर. ‘जास्तीत जास्त’ हे शब्द नीट वाचा. हातात पडते ती रक्कम कमीही असते. कोविडच्या काळातली तात्पुरती वाढ सोडली, तर इतक्या वर्षांत हा आकडा हललेला नाही. वयाच्या २६ पर्यंत घेता येतं, पण सगळी मिळून पाचच वर्षं. पेल ग्रँट ही केंद्राची शिक्षणासाठीची मदत आहे, २०२४-२५ मध्ये कमाल ७,३९५ डॉलर, पण ती कुठल्याही गरीब विद्यार्थ्याला मिळते, यांच्यासाठी खास नाही. फीमाफी राज्याराज्यावर अवलंबून. टेक्ससमध्ये ती १९९३ पासून आहे, काही राज्यांत नाहीच. आणि फी माफ झाली म्हणजे फीच माफ झाली. भाडं, जेवण, बसचा पास, लॅपटॉप हे सगळं उरतंच.

केंद्रीय मदतीच्या अर्जात, म्हणजे फाफ्सामध्ये, एक नियम खरोखर चांगला आहे. वयाची १३ वर्षं पूर्ण झाल्यावर कधीही फोस्टर केअरमध्ये असलात, तर तुम्हाला स्वतंत्र विद्यार्थी धरतात, आईवडिलांचं उत्पन्न विचारत नाहीत. पुढे दत्तक गेलात तरी हा हक्क राहतो. मात्र तो प्रश्न आपल्याला लागू होतो हे कळायला हवं, आणि कॉलेजने पुरावा मागितला तर कोर्टाचं किंवा बालकल्याण खात्याचं पत्र काढता यायला हवं. सतराव्या वर्षी पाचवं घर बदललेल्या मुलाकडे फाइल नसते. फाइल खात्याकडे असते, आणि खात्यातला माणूस बदललेला असतो.

खरी मेख पुढे आहे, आणि ती मेसेजवाल्यांना माहीतच नसते. मागच्या एका वर्षी एक मुलगी टेबलापाशी आली. सहाव्या आठवड्यात तिची राहती जागा गेली होती. दोन आठवडे ती मैत्रिणींच्या सोफ्यांवर झोपली, मग वर्ग सोडले. सेमिस्टर ६० टक्के होण्याआधी सगळं सोडलं, की केंद्राच्या मदतीचा ‘न कमावलेला’ भाग, म्हणजे न शिकलेल्या दिवसांचा हिस्सा, परत जातो. कॉलेज तो परत करतं आणि फीची राहिलेली रक्कम विद्यार्थ्याच्या नावावर टाकतं. ती भरेपर्यंत पुढची नोंदणी बंद. शिवाय सोडलेले विषय ‘घेतलेले’ म्हणून मोजले जातात. मदत चालू राहायची तर घेतलेल्यापैकी साधारण ६७ टक्के क्रेडिट पूर्ण करावे लागतात. तिथेही ती खाली गेली. घर गेलं सहाव्या आठवड्यात, त्याची शिक्षा चालली दोन वर्षं. तिच्या हातातल्या नोटिशीत ‘घर’ हा शब्द कुठेच नव्हता.

आता दोन बॅगा. इथे मला जरा ओशाळायला होतं, कारण हे वाक्य मीही कैक वेळा टाकलेलं आहे. बॅगा दोनच होत्या हे खरं. पण त्या आईने भरून दिल्या होत्या. शैक्षणिक कर्जावर वडिलांची सही होती. पहिल्याच सेमिस्टरला गाडी रुळावरून घसरली असती तर परत जायला एक घर होतं. गेले नाही, पण होतं. ‘होतं’ म्हणून तर धाडस झालं.

यांच्याकडे ते नसतं, आणि कॉलेजची रचना ते आहे असं धरूनच केलेली असते. भाड्याची खोली घ्यायची तर को-साइनर, म्हणजे भाड्याची हमी घेणारा, आणा. डिसेंबरच्या सुट्टीत डॉर्म, म्हणजे वसतिगृह, बंद, ‘घरी जा’. अर्जावर ‘आपत्कालीन संपर्क’ असा रकाना. एका मुलाने तिथे केसवर्करचं, म्हणजे त्याचं प्रकरण बघणाऱ्या खात्यातल्या माणसाचं, नाव लिहिलं, थोडा थांबला, खोडलं. केस बंद झाली होती. मग मला विचारलं, ‘हे भरलंच पाहिजे का?’

आता जिद्दीचं. शिकागो विद्यापीठाच्या चॅपिन हॉल या संशोधन केंद्राने इलिनॉय, आयोवा आणि विस्कॉन्सिन या तीन राज्यांतल्या फोस्टर केअरमधल्या सातशेहून अधिक मुलांना १७ व्या वर्षापासून २६ पर्यंत पुन्हा पुन्हा गाठून विचारलं. १७ व्या वर्षी बहुतेकांना कॉलेजला जायचंच होतं. तेव्हा इलिनॉयमध्ये २१ पर्यंत केअरमध्ये राहता येत असे, उरलेल्या दोन राज्यांत १८ झाली की सहसा बाहेर. इलिनॉयची मुलं कॉलेजात जास्त प्रमाणात पोचली. इलिनॉयच्या पाण्यात जिद्द जास्त असते असं कुणाला म्हणायचं असेल तर म्हणावं. २००८ च्या केंद्रीय कायद्याने राज्यांना २१ पर्यंत केअर वाढवायची मुभा आणि त्यासाठी पैसा दिला. कॅलिफोर्नियाने ती २०१२ पासून राबवली. तरी अजून दरवर्षी साधारण १५ ते २० हजार मुलं ‘वय झालं’ म्हणून या व्यवस्थेतून बाहेर पडतात. आरोग्य विमा २०१४ पासून २६ पर्यंत मिळतो, तेवढा दिलासा आहे.

‘लाडां’ना फार जागा देत नाही. फुलर्टनच्या कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत १९९८ साली गार्डियन स्कॉलर्स कार्यक्रम सुरू झाला, वेस्टर्न मिशिगन विद्यापीठात २००८ साली सीटा स्कॉलर्स. दुसऱ्याला नाव आहे जॉन सीटा यांचं. ते स्वतः फोस्टर केअरमधून बाहेर पडून त्याच विद्यापीठात शिकले. अशा कार्यक्रमांत असतं काय? सुट्टीतही उघडी राहणारी खोली, आणि नापास झाल्यावर ज्याच्या दारात जाता येईल असा एक नेमलेला माणूस. तुमच्या-माझ्या मुलांना हे दोन्ही घरी मिळतं, त्याला आपण कार्यक्रम म्हणत नाही इतकंच. इतर गरीब मुलांवर अन्याय होतो म्हणणाऱ्यांनी त्यांच्यासाठीही डिसेंबरात डॉर्म उघडे ठेवायची मागणी करावी, मी सही करते.

राहता राहिले ते ३ टक्के. हा आकडा फार फिरतो. तो कोणत्या वयाला मोजला, दोन वर्षांची पदवी धरली की फक्त चार वर्षांची, हे मात्र सोबत कधी फिरत नाही. वर सांगितलेल्या अभ्यासात २६ व्या वर्षी दोन किंवा चार वर्षांची पदवी असलेले ८ टक्के होते. त्याच वयाच्या इतर तरुणांत ४६ टक्के. ८ काही मिरवण्यासारखा नाही. दरी भीषणच आहे. पण २६ व्या वर्षी पदवी नाही याचा अर्थ शिक्षण सोडलं असा होत नाही. शाळेतच घरं बदलताना वर्षं वाया गेलेली असतात, नोकरी करत दोन-दोन विषय घेतले जातात, मधली सेमिस्टर्स रिकामी जातात.

सोफ्यांवर झोपणारी ती मुलगी हप्त्यांनी बाकी फेडून परत आली. मदत पुन्हा चालू व्हावी म्हणून तिने अपील केलं. त्यात काय झालं ते स्वतःच्या शब्दांत लिहावं लागतं, ते आम्ही दोघींनी तीनदा लिहिलं. मंजूर झालं. या वसंतात ती २७ ची झाली, म्हणजे व्हाउचरचं वय गेलं. २३ क्रेडिट बाकी आहेत. मेसेजच्या हिशेबात ती अजून ९७ टक्क्यांतच आहे.