फझ पेडल फ्रिजमध्ये ठेवू नका

"मामा, फ्रिजमधून काढलं तेव्हा मस्त वाजत होतं, दहा मिनिटांत आवाज बदलला. विकून टाकू का?" भाच्याचा फोन. पोरगा ऐरोलीला राहतो, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कॉलेजच्या बँडमध्ये बेस गिटार वाजवतो. साठवलेल्या पैशांतून त्याने जुन्या पद्धतीचं जर्मेनियम फझ पेडल (गिटारचा आवाज मुद्दाम फाडणारा, पायाने दाबायचा डबा) घेतलं आणि 'व्हिंटेज फझचं खरं गुपित' हा फॉरवर्ड वाचून ते तासभर फ्रिजमध्ये ठेवलं.

ठाणे-नवी मुंबईतल्या बँडवाल्या पोरांच्या ग्रुपवर हा मेसेज महिनाभर फिरतोय. त्यात सहा गोष्टी ठासून सांगितल्या आहेत. ट्रान्झिस्टर, म्हणजे सिग्नल वाढवणारा आतला छोटा भाग, जर्मेनियमचा तेवढा खरा, सिलिकॉनचा म्हणजे नक्कल. जुना ट्रान्झिस्टर लोणच्यासारखा मुरतो. वाजवण्याआधी पेडल फ्रिजमध्ये ठेवा. नऊ व्होल्टचा कुठलाही अडॅप्टर चालतो. बॅटरी मरायला टेकली की आवाज सगळ्यात गोड. आणि बेसवाल्यांनी फझच्या नादी लागू नये. नौपाड्यातल्या घरी मी अठरा वर्षं पेडलं दुरुस्त करतोय. एवढं चुकीचं एका जागी क्वचितच वाचलं असेल.

आधी फ्रिज. जर्मेनियम तापमानाला हळवा असतो, एवढं खरं आहे आणि ते मी मान्य करतो. त्याच्यातून जो फुकटचा प्रवाह गळतो, ज्याला आम्ही लीकेज म्हणतो, तो साधारण दर १० अंशांना दुप्पट होतो. मे महिन्यात उघड्या मैदानावर तापलेलं पेडल तुटक-तुटक वाजतं ते यामुळेच. पण म्हणून ५ अंशांवर थंड करून काय साधलं? ऐरोलीच्या दमट हवेत तो पत्र्याचा डबा बाहेर काढला की थंड पाण्याच्या बाटलीसारखा त्याला घाम फुटतो. बाहेरून फुटतो तसाच आतूनही. भाच्याचं पेडल उघडलं तेव्हा झाकणाच्या आतल्या बाजूला थेंब होते आणि जॅकच्या पत्तीवर हिरवट डाग धरायला लागला होता. शिवाय डबा परत गरम होत असताना सेटिंग सारखं सरकत राहतं. साउंडचेकला एक आवाज, दुसऱ्या गाण्याला दुसरा. पोराच्या दहा मिनिटांचं कोडं ते एवढंच.

यावर खरा उपाय स्वस्त आहे. फझ फेस या जुन्या पेडलच्या जातीच्या सर्किटमध्ये चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर, दोन ट्रान्झिस्टर आणि दोन पॉट (फिरवायची बटणं), एवढंच सामान असतं. त्यातला ८.२ किलोओहमचा रेझिस्टर काढून ट्रिमर, म्हणजे स्क्रूने कमी-जास्त करता येणारा रेझिस्टर, बसवायचा, दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर नावाच्या टोकावर मीटर लावायचा आणि साडेचार व्होल्टच्या आसपास आणून कानाला बरं वाटेल तिथे थांबायचं. उन्हाळ्यात-हिवाळ्यात स्क्रू-ड्रायव्हरने थोडं फिरवलं की झालं.

'मुरतो' या दाव्यासाठी मला एकच लेख पुरतो. आर. जी. कीन यांनी फझ फेसच्या तंत्रावर लिहिलेला तो लेख जगभरचे पेडल बनवणारे वापरतात. त्यातली चाचणी सोपी आहे. ट्रान्झिस्टरचं 'बेस' नावाचं टोक (गिटारचा बेस नव्हे) मोकळं ठेवून कलेक्टरच्या २४७२ ओहमच्या रेझिस्टरवर व्होल्टेज मोजा, ती झाली गळती. मग बेसला २.२ मेगाओहममधून प्रवाह द्या आणि परत मोजा. दोन्हींतला फरक गुणिले १००, तो खरा गेन, म्हणजे ट्रान्झिस्टर प्रवाह किती पट वाढवतो ते. भाच्याच्या पेडलचा पहिला ट्रान्झिस्टर काढून लावला. मोकळ्या बेसला ०.९ व्होल्ट, प्रवाह दिल्यावर १.७. विकणाऱ्याने कागदावर '१७० गेन, मुरलेला माल' लिहून दिलं होतं. खरा गेन ८०, बाकी निव्वळ गळती. भाच्याला म्हटलं, आता चिमटीत धर त्याला. बोटांच्या ऊबेने मीटरवरचा आकडा डोळ्यांदेखत चढायला लागला. पोराचा चेहरा पडला, मला वाईट वाटलं. वय वाढल्याने जर्मेनियम सुधारत नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मी जुन्या रेडिओंतले बीईएलचे (भारत इलेक्ट्रॉनिक्सचे) एसी १२८ हे जर्मेनियम ट्रान्झिस्टर पिशवीभर आणलेत. त्यातले काही सुरेख निघाले, बरेच गळके. मोजल्याशिवाय कळत नाही.

आता अडॅप्टर, कारण इथे नुकसान होतं. जर्मेनियमच्या बहुतेक जुन्या सर्किटांत पीएनपी नावाच्या, उलट्या दिशेने वीज लागणाऱ्या जातीचे ट्रान्झिस्टर असतात, त्यामुळे बॅटरीचं प्लस टोक डब्याच्या पत्र्याला, म्हणजे ग्राउंडला जोडलेलं असतं. बाकीच्या पेडलांत मायनस ग्राउंडला असतं. दोन्ही एकाच अडॅप्टरच्या साखळीवर लावली आणि मधे पॅचकॉर्ड (दोन पेडलं जोडणारी छोटी वायर) जोडली की सरळ शॉर्ट. भाच्याने ट्यूनर आणि फझ असेच जोडले होते. अडॅप्टर जळाला, पेडल वाचलं. ज्यात संरक्षण नाही अशा पेडलला उलटा अडॅप्टर लावला तर कपॅसिटर आणि ट्रान्झिस्टर दोन्ही जाऊ शकतात. अशा फझला नऊ व्होल्टची बॅटरीच लावा. ते एखाद-दुसरा मिलिअँपिअर खातं, बॅटरी पुष्कळ टिकते. फक्त वाजवून झालं की गिटारची पिन काढा. पिन आत राहिली की बॅटरी चालूच राहते.

सिलिकॉन नक्कल? १९६६ला आलेला फझ फेस पुढे सिलिकॉनमध्येही निघाला आणि गिटारवादक जिमी हेंड्रिक्सने दोन्ही वाजवले. बिग मफ हे दुसरं गाजलेलं फझ पेडल तर जन्मापासून सिलिकॉनचा. या मुद्द्यावर आणखी लिहायची माझी इच्छा नाही.

मरत्या बॅटरीत थोडं तथ्य आहे, नाइलाजाने कबूल करतो. व्होल्टेज उतरलं की काही फझ मऊ, फाटके वाजतात आणि काहींना ते आवडतं. पण सगळ्यात गोड वगैरे काही नाही.

राहिला बेस, आणि याचाच मला सगळ्यात जास्त राग आला. फझची गोष्ट सुरूच बेसपासून होते. अमेरिकेतल्या नॅशव्हिलच्या स्टुडिओत गायक मार्टी रॉबिन्सचं गाणं ध्वनिमुद्रित होत असताना ध्वनिमुद्रणाच्या कन्सोलचा एक चॅनेल बिघडला आणि ग्रेडी मार्टिनच्या सहा तारांच्या बेसचा आवाज फाटून आला. तो तसाच ठेवला आणि १९६१ला गाणं गाजलं. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी रेव्हिस हॉब्ज यांच्यासोबत तो आवाज देणारं सर्किट बांधलं आणि १९६२ला गिब्सनने ते मेस्ट्रो फझ-टोन म्हणून बाजारात आणलं. ज्या आवाजाचा उगम बेसमध्ये आहे तो बेसवाल्यानेच वाजवू नये, असं पोरांना सांगायचं?

अडचण खरी एकच. फझमध्ये बेसचा खालचा भरीव सूर दबतो आणि ड्रमसोबत बेस हरवतो. त्यासाठी साधा सिग्नल बाजूने काढून फझच्या आवाजात मिसळतात. त्याला ब्लेंड म्हणतात, एका पॉटचं काम आहे. भाच्याच्या डब्यात जागा आहे, ट्रिमर बसवून झाला, गळका ट्रान्झिस्टर बदलला. बाळा, विकू नकोस. रविवारी बेस घेऊन ये, ब्लेंडचा पॉट तुझ्यासमोर बसवू, आणि येताना नवी बॅटरी आण.